हिवाळ्याचे डेंगळे

रोझालियाचं खुब्याचं हाड मोडलं ते कांदा काढून झाल्यावर. पडायचंच होतं तर वेळ बरी निवडली, असं ती स्वतःच म्हणाली. इस्पितळातून ती थेट सेगेड शहरात मुलीकडे, पिरोश्काकडे, गेली आणि हिवाळाभर तिथेच राहिली. जाताना तिने मुलाला, अम्ब्रुशला, एकच काम सांगितलं होतं. भट्टी विझू द्यायची नाही.

गावातल्या जुन्या घराच्या मागच्या खोलीत मातीची भट्टी होती आणि तिच्या वर छतापर्यंत फळ्या ठोकलेल्या. फळ्यांवर चिंगळी पसरलेली असायची, पुढच्या लागवडीचा बारका कांदा. मारोश नदीकाठच्या त्या गावांत कांदा दोन वर्षांचा. पहिल्या वर्षी बी दाट पेरून चिंगळी करायची, दुसऱ्या वर्षी ती लावून मोठा कांदा घ्यायचा, आणि मधला हिवाळा चिंगळीने उबेत काढायचा. गारठ्यात राहिली तर ती गड्डा पोसायचं विसरते आणि उन्हाळ्याच्या तोंडी डेंगळे, म्हणजे फुलाचे दांडे, फेकते. मग कांद्याच्या पोटात लाकडासारखा दांडा होतो. असा कांदा टिकत नाही, व्यापारी त्याला हात लावत नाही. हे गावात शेंबडी पोरंही जाणतात. पिरोश्काही ऐकतच मोठी झाली होती, पण चिंगळी तिने कधी लावली नव्हती. वाफ्यात वडिलांबरोबर अम्ब्रुश असायचा. तिच्या वाट्याला भांडी आणि कोंबड्या.

अम्ब्रुश त्याच गावात, चर्चच्या मागे, गॅसची ऊब असलेल्या घरात राहत होता. रोज जाऊन भट्टी पेटवीन, असं त्याने आईचा हात हातात घेऊन सांगितलं होतं. रोझालिया चौथ्या मजल्याच्या खिडकीशी बसून त्याला फोनवर विचारायची, पेटवलीस का रे? पेटवली, आई, घाम फुटलाय चिंगळीला, असं तो म्हणायचा. मग ती फोन ठेवून पिरोश्काला सांगायची, बघ, एवढ्या बर्फातून जातो बिचारा. पिरोश्का तेव्हा बहुधा तिचे पाय चोळत असायची.

मार्चच्या सुरुवातीला आई घरी परतली तेव्हा भट्टी रसरसलेली होती. चिंगळी कोरडी, वरची साल सोनेरी. रोझालियाने मूठभर उचलून कानाशी खुळखुळवली आणि डोळे पुसले. त्याच आठवड्यात वकिलाकडे जाऊन तिने घर आणि मागची बाग अम्ब्रुशच्या नावावर केली. पिरोश्काला नंतर कळवलं. ज्याने भट्टी राखली त्याचं घर, आणि तुला शहरात तुझं आहेच, असं तिचं म्हणणं. पिरोश्काने विचारलं, रात्रीची गोळी घेतलीस का?

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात संत योझेफचा दिवस आला की कांदा जमिनीत जायला हवा, आणि नेमकी तेव्हा अम्ब्रुशची पाठ धरली. म्हणून पिरोश्का शनिवारी पहाटेच्या बसने येऊ लागली. रोझालिया वाफ्याच्या कडेला तिपाईवर बसायची, काठीने दाखवायची. आधी निवड कर. हेझलनटाएवढी वेगळी, त्याहून मोठी वेगळी; मोठी आधी उपटून खायची, ती कधी डेंगळे फेकेल त्याचा भरवसा नसतो. मुळाकडची बाजू खाली. दाबून घुसवू नकोस, खालची माती घट्ट असली तर मुळं गड्ड्यालाच वर ढकलतात. बोटाने भोक कर, मग ठेव. शेंडा मातीच्या पातळीला. दोन कांद्यांत चार बोटं.

पहिल्या ओळीत पिरोश्काने चिंगळी पार गाडून टाकली.

"कांदा लावतेयस की माणूस पुरतेयस?" आई म्हणाली. "काढ. शेंड्याला आभाळ दिसू दे."

तिने काढली आणि पुन्हा लावली. दुसऱ्या शनिवारी कावळ्यांनी उपटलेली चिंगळी ती न सांगता परत बसवत गेली. गुडघ्यांवर सरकत ती वाफ्याच्या टोकाला पोचली तेव्हा ओळ सुतात आली होती. रोझालिया बराच वेळ ओळीकडे बघत राहिली. "तुझ्या बापाचा हात आहे हा," ती म्हणाली. सगळ्या आयुष्यात आईने तिला असं काही म्हटलं नव्हतं. परतीच्या बसमध्ये पिरोश्काने नखांतली माती काढली नाही.

एप्रिलमध्ये पात वर आली, मेमध्ये दाट झाली. जूनच्या पहिल्या शनिवारी ती फाटक उघडून आत आली आणि थांबली. वाफ्यांतून पोकळ, जाड दांडे वर आले होते, प्रत्येकाच्या टोकाला टोपीसारखी मिटलेली कळी. एखाददुसरा नव्हे, ओळीच्या ओळी. बारक्या चिंगळीलासुद्धा.

कुंपणापलीकडून शेजारची बोर्बाला काकू बघत होती. पिरोश्का जवळ गेली तेव्हा ती आवाज खाली आणून म्हणाली, "तुमचं धुराडं उपाशीच होतं गं हिवाळाभर. आई यायच्या आदल्या दोन दिवसांत मात्र असा धूर, मला वाटलं आग लागली."

"आईला सांगितलंस?"

"मी कशाला? ती काय आंधळी आहे?"

दुपारी अम्ब्रुश आला. आई काठी टेकत बाहेर आली. बोर्बाला काकू कुंपणाशी आलीच, तिचा नवराही आला. डेंगळे आलेल्या बागेशी माणसं जमतात, त्याला बोलावणं लागत नाही. अम्ब्रुशने एक दांडा मोडला, वास घेतला, टाकला. चिंगळी तर उत्तम होती, तो म्हणाला, सगळ्यांनी बघितली होती. मग बहिणीकडे न बघता म्हणाला, "लावली कुणी ते बघा. शहरातली मंडळी."

पिरोश्का आईकडे बघत राहिली. खोल लावल्याने कांदा जाडमानेचा होतो, वाकडा होतो, उशिरा होतो. डेंगळे येत नाहीत. हे तिला याच आईने याच वाफ्यात सांगितलं होतं. कुंपणाशी उभ्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं.

रोझालिया काठीच्या टोकाने माती उकरत होती.

"खोल लावली," ती शेवटी म्हणाली. "नवखी आहे पोर. मीच लक्ष द्यायला हवं होतं."

बोर्बाला काकूचा नवरा टोपी सारखी करत म्हणाला, होतं असं पहिल्या वर्षी. सगळ्यांनी मान हलवली. अम्ब्रुशनेही.

संध्याकाळपर्यंत पिरोश्का डेंगळे मोडत होती. मोडून उपयोग नसतो. घरच्या खाण्यापुरता कांदा तेवढा मिळतो. आई तिपाई घेऊन जवळ येऊन बसली. घर त्याचं झालंय, ती म्हणाली, उद्या मला त्याच्याच दारात राहायचंय. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुझं काय, तू समजूतदार आहेस." पिरोश्काने हातातली जुडी वाफ्याबाहेर टाकली आणि पुढच्या ओळीला लागली.

कोपऱ्यातल्या वाफ्यात बी पेरून केलेली पुढच्या वर्षाची नवी चिंगळी होती. ऑगस्टमध्ये ती निघाली, वाळली, फळ्यांवर चढली.

ऑक्टोबरात रोझालियाने फोन केला. या हिवाळ्यातही तुझ्याकडेच येते, इथे फार गारठा असतो. पिरोश्का रविवारी बसने गेली. दारात आईची पिशवी भरलेली होती आणि शेजारी दोन टोपल्या, वर फडकं बांधलेलं. फडक्याखाली चिंगळी होती.

"ही कशाला?"

"तुझ्याकडे हीटर असतो ना," रोझालिया म्हणाली. "त्याच्या वर एक फळी ठोकली की झालं."

पिरोश्काने फडकी सोडली. एकेक टोपली उचलून मागच्या खोलीत नेली, थंड भट्टीवरच्या फळ्यांवर चिंगळी ओतली आणि हाताने नीट पसरली, एकाला एक लागणार नाही अशी. रोझालिया दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"अम्ब्रुश राखतो की भट्टी," पिरोश्का म्हणाली.

मग तिने आईचा कोट आणला, बाह्यांत हात घालायला मदत केली, गळ्याशी बटण लावलं आणि पिशवी उचलली. बसथांब्यापर्यंत दोघी हात धरून गेल्या. रस्ता निसरडा होता.