दुसरी किल्ली नसलेला फोल्डर

रंग पिवळा, अंग चपटे आणि तोंडाला कायमचे कुलूप. मित्रांनो, मी एक जुना फोल्डर आहे. एका कुलूपवाल्याच्या घरच्या संगणकात, दुसऱ्या ड्राइव्हच्या कोपऱ्यात मी राहतो. माझे स्वतःचे काहीच नसते. पोटात जे ठेवाल ते सांभाळायचे, एवढेच माझे काम.

मला कुलूपवाल्याने स्वतः बनवले. बायको आजारी पडली तेव्हा तो संगणक शिकला. एका बोटाने टकटक करत त्याने माझे नाव लिहिले, ‘ही’. चारचौघांतही तो बायकोचा उल्लेख असाच करायचा. ती बोलू लागली की तो हळूच फोन चालू करी, तिचा आवाज भरून घेई आणि माझ्यात आणून ठेवी. प्रत्येक फाइलला नाव देई. ‘रागावली’. ‘हसली’. ‘पुन्हा रागावली’. ‘चष्मा शोधते आहे, डोक्यावरच आहे’. हसण्यापेक्षा रागावण्याच्याच फाइली जास्त होत्या, पण त्याची त्याला तक्रार नव्हती.

ती गेल्यावर माझे खरे कामाचे दिवस आले. दुकान बंद करून आला की तो थेट माझ्यापाशी बसे आणि ‘रागावली’ लावी. “अहो, बूट दारातच काढा! घरभर पितळेचा कीस होतो,” असे ती ओरडे. हा मुकाट्याने उठून बूट दारात ठेवून येई. मला तेव्हा फार धन्य वाटे.

मग त्याचा पुतण्या सुट्टीला आला. रिकामपणी त्याने मला उघडले, त्याला गंमत वाटली आणि त्याने ‘पुन्हा रागावली’ सगळ्या नातेवाइकांना फोनवर पाठवून दिली. घरोघरी हशा पिकला. कुलूपवाला त्या दिवशी जेवला नाही.

त्यानंतर त्याने माझ्यावर दोन कुलपे चढवली. एक दारावरचे. मालकाशिवाय हा फोल्डर कोणी उघडायचा नाही. दुसरे आतले. त्याने प्रत्येक फाइल अशी गुंतवून टाकली की मालकाच्या संगणकावरच्या खात्यात असलेल्या किल्लीशिवाय ती ऐकूच येऊ नये. संगणकाने लगेच विचारले, या किल्लीची प्रत काढून बाहेर ठेवायची का?

शेजारी त्याची मुलगी बसली होती. ती म्हणाली, “बाबा, हो म्हणा ना. पेनड्राइव्हवर ठेवू.”

“ज्या कुलपाला दुसरी किल्ली, ते कसलं कुलूप?” असे म्हणून त्याने ‘नको’वर टिचकी मारली.

मित्रांनो, दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. साऱ्या वस्तीला डुप्लिकेट किल्ल्या करून देणारा हा माणूस स्वतःच्या घराची एकच किल्ली कमरेला बांधून फिरे. लग्न झालेली मुलगी भेटायला आली की तो येईपर्यंत पायरीवर बसून राही. तिने कितीदा मागितली, पण दुसरी किल्ली काही त्याने केली नाही.

पुढे संगणक फार रडतखडत चालू लागला. जावई भला माणूस. सासऱ्यांना न विचारताच त्याने तो दुरुस्तीला नेला. “सगळं नवं करून द्या, फक्त दुसऱ्या ड्राइव्हला हात लावू नका,” असे तो बजावून आला. आपण सगळे वाचवले, असेच त्या बिचाऱ्याला वाटले. मलाही तसेच वाटले.

संगणक घरी आला. नव्या खात्याला जुनेच नाव होते, फोटोही तोच. कुलूपवाल्याने मला उघडायला टिचकी मारली आणि पडद्यावर उमटले, ‘परवानगी नाही’.

“अरे, मीच तो!” तो पडद्याला म्हणाला.

पण संगणक नाव ओळखत नाही, खात्यामागचा क्रमांक ओळखतो. पहिल्या ड्राइव्हवरच्या जुन्या खात्याबरोबर तो क्रमांकही पुसला गेला होता. माझ्या मालकाच्या जागी नुसती आकड्यांची रांग उरली होती आणि तिला ओ देणारे आता कोणी नव्हते. पुतण्यासाठी लावलेले कुलूप म्हाताऱ्यालाच बाहेर ठेवून बसले. चोर सोडून संन्याशाला फाशी!

सुट्टीच्या दिवशी मुलगी येऊन बसली. तिने माझी मालकी नव्या खात्याच्या नावे केली. तरी मी उघडेना, कारण मालक झाले तरी परवानगी वेगळी द्यावी लागते. तिने तीही दिली, आतल्या सगळ्या फाइलींना लागू केली, आणि माझे दार उघडले. सारी नावे दिसू लागली. म्हाताऱ्याने खुर्ची पुढे ओढली.

“लाव गं. रागावलेली लाव आधी.”

तिने लावली. लागली नाही. दुसरी लावली, तिसरी लावली. एकही बोलली नाही.

शेवटी दुरुस्तीवाला घरी आला. त्याने फाइलींवरची इवलीशी कुलपे पाहिली आणि त्याचा चेहरा पडला. “काका, दार उघडलंय, पण आतली किल्ली जुन्या खात्यात होती. मी ते पुसून त्यावर नवं लिहिलं. तुम्ही प्रत काढून ठेवली होती का कुठे?”

जन्मभर लोकांची अडकलेली दारे उघडून देणारा माणूस मान खाली घालून बसला. मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. ‘मी सांगितलं होतं’ असे ती म्हणाली नाही.

पुढच्या वेळी ती आली तेव्हा त्याने तिच्या हातात एक नवी चकचकीत किल्ली ठेवली. “घराची आहे. कडा घासल्यात, अडकायची नाही.” किल्ली मुठीत धरून ती खूप रडली.

जाताना तिने विचारले, “बाबा, तो फोल्डर पुसून टाकू का? उगाच त्रास होतो तुम्हाला.”

“राहू दे.”

म्हणून मी आहे. मित्रांनो, जपायच्या वस्तूला कुलूप जरूर लावा, पण दुसरी किल्ली आपल्या माणसाच्या हाती द्या, आणि वेळेवर द्या. माझ्यासारखे पोट कोणाच्या वाट्याला येऊ नये. तिचा आवाज माझ्यात अजून आहे, पण मला तो कोणाला देता येत नाही, मलाही ऐकू येत नाही.

म्हातारा अजून संध्याकाळी मला उघडतो आणि पडद्यावर बोट फिरवत एकेक नाव वाचतो. ‘रागावली’पाशी बोट थांबते. मग तो उठतो आणि बूट काढून दारात ठेवून येतो.