पाण्यालगत

नाव मधल्या धारेला लागली तशी हरणाबाई पदर सावरत उभी राहिली. ती हात जोडणार, तोच दस्तगीरने तिचा दंड धरून तिला फळीवर खाली ओढले. नाव एका अंगाला कलली.

"पलटनीत जाऊन पान्याला भ्यालास व्हय रं?" वल्हे सावरत धुळा नावाडी हसला. "मधल्या धारंला कृष्णामाईला हात जोडू दे की म्हातारीला."

दस्तगीरची रजा संपली होती. पैलतीराहून चालत जाऊन भिलवडीला तो दुपारची गाडी धरणार होता. हरणाबाईचा मुलगा नाथाजी त्याच्याच तुकडीतला. माघात ब्रह्मदेशात लढाईवर असताना वारला. कशाने, ते सरकारी कागदात नव्हते. दस्तगीरने घरी येऊन तापाने म्हणून सांगितले. हरणाबाईला ते पटले नव्हते, म्हणूनच ती त्याला पोचवायला निघाली होती.

वारा समोरून होता. पाणकावळ्यांची एक ओळ पाण्याला पोट घासत वाऱ्याच्या तोंडावर चालली होती.

"एवढं आभाळ मोकळं, आन् ही पाखरं पान्याला चिकटून का जात्यात?" दंड चोळत तिने विचारले.

दस्तगीरला बोलायला काहीतरी हवेच होते.

"वर वारा लय, मावशी. पान्यालगत त्यो मंदावतो, बळ कमी लागतं. तिकडं इरावती नदी वलांडताना बी अशीच हुती. साहेब म्हनला, त्यांच्यागत खालनं जायाचं, डोस्कं वर काढायचं न्हाई. पल्याड जपानी—"

हरणाबाईने चोळायचा हात तसाच दंडावर ठेवला.

"नाथा उभा ऱ्हायला?"

तो पाण्याकडे बघत राहिला.

"मधल्या धारंला?"

"व्हय. मी वढला, मावशी. नुसती बाही हातात आली."

"ती कुठं आपली कृष्णामाई हुती रं?"

"म्या बी त्येच म्हनलं. तर म्हनला, नदी कुनाची का असंना, आईनं उभं ऱ्हायला सांगितलंय."

धुळाचे वल्हे पाण्यात तसेच राहिले. नाव बरीच खाली वाहवली. मग त्याने ती वळवून काठाला आणली.

दस्तगीर ट्रंक घेऊन उतरला. हरणाबाई फळीवरून उठली नाही.

"त्येच्या बापाला काय सांगितलंस?"

"तापच."

"मग तापच," ती म्हणाली. "धुळा, तू बी काय ऐकलं न्हाईस."