धनराजच्या कॉम्प्युटरातलं भूत

त्या रविवारी धनराजच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाया ओट्यावर, माणसं भिंतीला टेकून, पोरं कुंपणावर. आणि ओसरीत टेबलावर गळ्यात झेंडूचा हार घालून बसला होता कॉम्प्युटर. डोक्यावर हळदकुंकू, फ्लॉपीच्या फटीत अक्षता. टेबलाशी खुर्ची ओढून यंत्रनाथ महाराज बसलेले, अंगात भगवं आणि मनगटाला चकचकीत घड्याळ.

"पोरी, यादी उघड अन् सेव्ह दाब," महाराजांनी धनराजच्या रीताला फर्मावलं. "आता समद्यायनं डोये मिटा. ज्याचे उघडे राह्यतीन, त्याच्या अंगात प्रेत शिरन."

चाळीस माणसांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा यंत्र मेलं होतं. महाराजांनी बटण दाबून ते जागं केलं, तर पडदा निळाशार. महाराजांचा मंत्र सुरू झाला, "ओम डिस्काय नमः, ओम फाइलाय फट्." पडद्यावर एक पिवळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती. पट्टी भरली, मंत्र थांबला आणि यंत्र वाजत-गाजत सुरू झालं. लोकांचे हात आपोआप जुळले.

मी दाराशी उभा होतो. मूल गावच्या बाजारात माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. वीस वर्षं जळक्या मोटारी खोलतोय, एकीतही अजून भूत सापडलं नाही. पण तोंड उघडलं की लोक म्हणतात, लटारू काही मानतच नाई. म्हणून गप्प होतो, आणि गप्प राहिल्याची आजही लाज वाटते.

गोष्ट २००४ ची. धनराज आमच्या मच्छीमार संस्थेचा सचिव. तलावाचा पट्टा नवा करायचा होता, त्यासाठी सभासदांची यादी गुरुवारपर्यंत कचेरीत द्यायची होती. कोणाचं नाव काय, बाप कोण, किती पिढ्या या तलावावर जाळं टाकतात, सगळं त्यात. यादी गेली नाही तर तलाव लिलावात, आणि आमचे लोक आपल्याच तलावावर ठेकेदाराचे मजूर. बी.ए.ला असलेल्या रीतानं दोन महिने एकशे त्रेचाळीस घरं पालथी घालून ती यादी टाइप केली होती. कॉम्प्युटर ऊर्जानगरच्या, वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या, क्वार्टरमधून जुना आणलेला.

टाइप झाल्यावर हातानं लिहिलेल्या कागदांचं धनराजनं काय केलं? त्यांवर आज्या-पणज्यांची नावं. ती रद्दीत द्यायची कशी, जाळायची कशी? म्हणून नारळ-फुलं वाहून कागद तलावात शिरवले, गणपती शिरवतात तसे. शाबास रे पठ्ठ्या, म्हटलं मी. पूर्वज पाण्यात आणि वारस यंत्रात.

मग एका दुपारी लोडशेडिंग झालं. वीज आमच्याच जिल्ह्यात तयार होते आणि आमच्याच घरी नसते, हा चमत्कार मात्र कोणाला चमत्कार वाटत नाही. वीज परत आली तर पडद्यावर निळा रंग आणि इंग्रजी अक्षरं. थोड्या वेळानं यंत्र आपोआप सुरू झालं आणि यादीही धड होती. तिथंच प्रकरण मिटायचं. पण धनराजला त्यात भूत दिसलं. त्यानं महाराजांना बोलावलं, आणि महाराजांच्या दुसऱ्या बैठकीनंतर, म्हणजे त्या रविवारी, यादी जी बिघडली ती उघडेचना.

महाराजांनी निदान केलं, यंत्रात इस्तारी बसला आहे. इस्तारी म्हणजे तीन वर्षांपूर्वी तलावात बुडून गेलेला आमचा माणूस. त्याच्या जागी यादीत त्याच्या बायकोचं, इंदिराबाईचं नाव आलं होतं. "त्याले राग आला हाय," महाराज म्हणाले. "बाईचं नाव काढा. अन् हे पाहा, त्याची पिल्लं." पडद्यावर खरंच नव्या फायली दिसत होत्या. त्यांना नावं नव्हती, नुसते नंबर होते. "बुधवारी हे समदे पुसून टाकतो. मंग नवी यादी करा, बाईले सोडून."

सोमवारी इंदिराबाई माझ्या दुकानात आली. टोपली खाली ठेवली.

"लटारूभाऊ, माह्या माणसानं जित्तेपणी कोनाले तरास नाई देल्ला. मेल्यावर धनराजच्या घरी कायले जाईन? येयाचं असतं तं माह्या घरी आला असता. मी वाट पाह्यतो न त्याची."

तिनं टोपली पुन्हा उचलली आणि पुढं बोलली.

"अन् एक सांगा. मी डोये मिटले नाई. महाराजाचा पाय टेबलाखाली गेला अन् मशीन मेली. मंत्रही कधी लहान, कधी मोठा. पिवळी पट्टी भरली का मंत्र सरते. पट्टी रखडली का हा बुवा तेच तेच म्हणत राह्यते."

टेबलाखाली काय आहे हे मला ठाऊक होतं. बटणाचा बोर्ड, मीच बसवलेला. बाईला अक्षर वाचता येत नाही, पण जे चाळीस जोडी डोळ्यांना दिसलं नाही ते तिनं पाहिलं होतं. मी स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि पक्कड उचलली.

मंगळवारी धनराज बाजारात गेला असताना रीतानं दार उघडलं. कॉम्प्युटरची वायर मी आतल्या खोलीतल्या बोर्डावर नेली. टेबलाखालच्या बटणाला जोडला एक लाल बल्ब, आणि तो टांगला महाराजांच्या पाठीमागे, वरच्या खुंटीला. लोकांना वाटलं, ही पूजेची रोषणाई.

बुधवारी अंगण पुन्हा भरलं. महाराज म्हणाले, "डोये मिटा."

"आज कोनी मिटू नका," इंदिराबाई उभी राहून म्हणाली. "शिरला तं माह्या अंगात शिरू द्या. माहाच माणूस हाय."

लोक डोळे उघडे ठेवून बसले. महाराज गडबडले, पण पाय सवयीनं सरकला. लाल बल्ब विझला. कॉम्प्युटर ठणठणीत. पाय पुन्हा सरकला, बल्ब लागला. मग विझला, मग लागला. महाराज डोळे मिटून गर्जत होते, "आला, इस्तारी आला," आणि पाठीमागे बल्ब लग्नाच्या मांडवासारखा लुकलुकत होता. आधी कुंपणावरची पोरं हसली, मग बाया.

"महाराज जी," इंदिराबाई म्हणाली, "भूत तं तुमच्या पायाच्या आंगठ्यात हाय."

महाराज उठले. जाताना नैवेद्याचा रोहू मासा विसरले नाहीत, हे मी नमूद करून ठेवतो.

मग मी लोकांना थांबवलं आणि आतलं बटण स्वतःच बंद करून चालू केलं. पडदा निळा. "म्हणा मंत्र, इंदिराबाई." ती म्हणाली, "रोहू, कतला, मरळ, झिंगे." पट्टी भरली आणि यंत्र सुरू झालं. मासळीच्या नावांनीही भूत पळतं, हे लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिलं.

रीतानं पडद्यावरचं इंग्रजी मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं. वीज मध्येच गेली, तर यंत्र उठल्यावर आपली डिस्क स्वतःच तपासतं, एवढंच त्यात होतं. फाइल सेव्ह होताना वीज तोडली की ती फाटते. सुटे पडलेले तुकडे यंत्र टाकून देत नाही, नंबर घालून वेगळे ठेवतं. हीच ती इस्तारीची पिल्लं.

"म्हणजे जाळं फाटलं," इंदिराबाई म्हणाली, "पण मासा तलावातच हाय."

रीतानं पहिला तुकडा उघडला. सगळा चौकोनांचा कचरा. तिनं मराठी फॉन्ट लावला आणि कचऱ्यातून अक्षरं वर आली. ती वाचू लागली. सातव्या ओळीवर थांबली आणि मग हळू म्हणाली, "इंदिराबाई, नवरा कै. इस्तारी. तीन पिढ्या."

इंदिराबाईनं पदर तोंडाला लावला. धनराज मान खाली घालून तिच्यासमोर उभा होता.

संध्याकाळपर्यंत एकशे एकतीस नावं सापडली. उरलेले बारा जण स्वतः येऊन सांगून गेले. गुरुवारी यादी कचेरीत पोचली. तिची एक प्रत फ्लॉपीवर आहे, एक कागदावर, आणि कागद धनराजच्या हाती पडू नये म्हणून माझ्या दुकानात आहे.

महाराज लबाड होता, पण चाळीस जणांचे डोळे त्यानं काही हातानं मिटले नव्हते. ते आपणच मिटले, आणि एका मेलेल्या भल्या माणसाला भूत ठरवलं, त्याच्या बायकोची भाकरी काढायला निघालो. म्हणून सांगतो, कोणी चमत्कार दाखवू लागला आणि डोळे मिटा म्हणाला, तर डोळे उघडे ठेवा. आणि आधी त्याचा पाय कुठं आहे ते पाहा.