हार मशीनला, खण माझे

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी मांडणी आहे. लालबागच्या एका गिरणीत, हजेरीच्या खोलीत उभी असते. विलायतेहून भोकं पाडलेली कार्डं वाचून हजेरीची यादी काढणारी मशीन आली, तिच्याच खोक्याच्या फळ्या ठोकून रामजी सुताराने माझे बारा खण केले. भिंतीवर संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा लिहून उरलेल्या रंगाने त्याने खणांवर आकडे टाकले.

पहिल्या खणात रजेची कार्डं, दुसऱ्यात हजेरीची, असं करत बाराव्यात महिनाअखेरची, ती महिना संपेपर्यंत तशीच पडून. रोज सकाळी कारकून रघुवीर याच क्रमाने कार्डं मशीनला भरवायचा. रजा आधी गेली तरच हजेरीची यादी बरोबर निघायची. क्रम माझा, वाहवा तिची. साहेब आले की तिच्या पाठीवरून हात फिरवायचे आणि चहाचा कप माझ्यावर ठेवायचे. अशी जळायचे मी!

खंडेनवमीला तिला झेंडूचा हार, कुंकू, नारळ. तबक ठेवायला जागा नव्हती, म्हणून रघुवीरने माझा पहिला खण रिकामा केला आणि रजेची कार्डं बाराव्यात कोंबली. मी बघितलं. पण तबक माझ्याकडे आलं होतं ना, मी फुगून बसले. पूजा झाली, तबक गेलं, कार्डं मात्र बाराव्यातच राहिली.

चार दिवसांनी साचेवाला, म्हणजे मागावर कापड विणणारा, कोंडीराम खिडकीशी आला. दीक्षा घ्यायला तो नागपूरला गेला होता.

"न सांगता गेलास," रघुवीर म्हणाला. "साचा दिला बदलीवाल्याला. कायमचा."

"रजेचं कार्ड तुमच्याच हातात दिलं होतं, भाऊ."

"मशीनने नाव गैरहजरांत काढलंय."

"मग मशीनलाच विचारा, मी कुठं गेलो होतो ते."

मला वाटलं, बरी जिरली मशीनची. पण कोंडीराम गज धरून तसाच उभा राहिला. पंधरा वर्षं तो साचा त्याने चालवलेला. मला बघवेना.

मग तो सरळ आत आला आणि त्याने माझ्या रिकाम्या पहिल्या खणात बोट फिरवलं.

"चिकट लागतंय. नारळाचं पाणी? इथं पूजेचं ठेवलंत, तर इथली रजेची कार्डं कुठं गेली?"

रघुवीरचं तोंड उतरलं. एकेक खण उपसत तो बाराव्याशी पोचला. कोंडीरामचं कार्ड सगळ्यात वर होतं. त्याच पाळीला त्याला साचा परत मिळाला.

पुढच्या खंडेनवमीला रघुवीर दोन हार घेऊन आला. एक माझ्यासाठी.

"हिला हार नको, भाऊ," कोंडीराम खिडकीतून म्हणाला. "हिचा पहिला खण तेवढा रिकामा करू नका."

दोन्ही हार मशीनच्या गळ्यात पडले. अजून जळते मी, खोटं कशाला बोलू? पण मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर हार राहू द्या. खणातलं काही हलवण्याआधी, ते कुणाचं आहे एवढं बघा.