मागच्या वर्षाचा उशीर

सकाळी आल्या आल्या लिफ्टच्या मेकॅनिकला ऑफिसात बोलावलं आणि हातात पत्र ठेवलं. हलगर्जीपणाबद्दल कामावरून कमी! असलं पत्र एकदा मिळालं की दुसरी कुठली कंपनी माणसाला लिफ्टला हात लावू देत नाही. बावीस वर्षं दोर आणि ब्रेक तपासण्यात गेली, आणि फळ काय, तर हे.

"माझं चुकलं काय?"

मॅनेजरबाईंनी स्क्रीन त्याच्याकडे फिरवली. पुलाजवळच्या पाच मजली इमारतीच्या वर्षभरातल्या चार फेऱ्या, चारही लाल. प्रत्येकीपुढे दोन-दोन महिने उशीर.

त्याचं डोकंच फिरलं. दर तीन महिन्यांनी एक फेरी ठरलेली, आणि त्यानं एक दिवस चुकवला असेल तर शपथ. मागच्याच महिन्यात हा रकाना हिरवागार होता.

"गेल्या आठवड्यात तिथं हॉस्पिटल आलं," बाई म्हणाल्या. "हॉस्पिटलला दर महिन्याला फेरी लागते."

"आता लागते! वर्षभर तिथं कारकून बसत होते."

कोपऱ्यात त्याचा साडू मान खाली घालून बसला होता. बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. हे सॉफ्टवेअर त्याच्याच अकलेचं. ऑफिसात त्याला फॉर्म्युला म्हणत, आणि शहाणा त्यावर खूश! लिहून काहीच ठेवायचं नाही, सगळं हिशेबानं आपोआप यायला हवं, हा त्याचा हट्ट. इमारतीच्या प्रकारावरून मुदत, मुदतीवरून उशीर. जुनी मुदत कुठंच नोंदलेली नाही, त्यामुळं प्रकार बदलला की गेलेलं वर्षसुद्धा बदललं.

"प्रकार पुन्हा पहिल्यासारखा कर," मेकॅनिक म्हणाला.

साडूनं केला. चारही फेऱ्या हिरव्या झाल्या. बाईंनी चष्मा काढून पुन्हा लावला.

"पण असा ठेवता येणार नाही," साडू पुटपुटला. "मग हॉस्पिटलची लिफ्ट तीन-तीन महिने कुणी बघणार नाही."

"मग जुन्या तारखा जशा होत्या तशा पक्क्या करून टाक."

"त्या रकान्याला चाळीस रकाने जोडलेत, साडूभाऊ. रजा, पाळ्या, बढत्या, गिऱ्हाइकांच्या तक्रारी. एकाला हात लावला तर सगळं कोसळेल."

"आणि मी कोसळलो तर चालेल? मी घासूनपुसून काम करायचं, आणि तू खुर्चीत बसून मला कामचुकार ठरवायचं! लाज वाटत नाही?"

"मी नाही ठरवलं. सिस्टिमनं ठरवलं."

"सिस्टिम काय आभाळातून पडली?"

बाईंनी हात वर करून दोघांना थांबवलं. "म्हणजे हा माणूस खरा आहे," त्या साडूला म्हणाल्या, "पण त्याला खरं म्हणायची तुझ्याकडे सोय नाही?"

"सध्या नाही."

बाईंनी सहीसाठी पेन पुढं केलं. मग हळूच म्हणाल्या, "सरकारी तपासणीवाल्यांना मला स्क्रीनच दाखवावी लागते हो. पत्र मागे घेता येणार नाही."

मेकॅनिकनं सही केली नाही. हॉस्पिटलच्या लिफ्टच्या किल्ल्या खिशातून काढून त्यानं साडूच्या कीबोर्डवर आदळल्या.

"आज फेरीचा दिवस आहे. वरच्या मजल्यावर ऑपरेशनचे पेशंट आहेत," तो म्हणाला. "जा, तुझ्या फॉर्म्युल्याला सांग ब्रेक तपासायला."