सात तारखेची इस्त्री

"आधी तू अंदर ये गा, आनंदराव. ते दोघं बाहेरच राहू दे," तुळसाबाई म्हणाली आणि दाराची एकच फळी उघडून उभी राहिली.

बाहेरचे दोघं म्हणजे नवी मीटरं बसवणारी माणसं. एकाच्या खांद्यावर ड्रिल, दुसऱ्याच्या हातात पांढरं खोकं. गांधीबागेमागच्या या गल्लीनं त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. एकदा नुसत्या बोलण्यानं, एकदा पाण्याच्या बादलीनं. म्हणून या वेळी त्यांच्या पुढं आनंदराव होता. बावीस वर्षं इथली मीटरं वाचणारा, ठेकेदाराकडचा माणूस. कुठलं मीटर चपलांच्या रॅकमागं आणि कुठलं देव्हाऱ्याच्या वर, हे त्याला पाठ. स्मार्ट मीटर हे शासनाचं धोरण होतं. धोरण मुंबईहून निघतं, फायलींतून उतरत येतं, पण शेवटचा जिना त्याला कुणाच्या तरी गुडघ्यांवर चढावा लागतो.

गुडघे आनंदरावचे होते.

बदल्यात मिनलमॅडमनी शब्द दिला होता. मीटर बसवणाऱ्या कंपनीतल्या, तिशीच्या, बोलायला मोकळ्या. "काका, नव्या मीटरला वाचायला माणूस लागत नाही, हे मी लपवणार नाही. पण ही एकशे ऐंशी घरं करून द्या, एकही न सोडता. कोराडीच्या बाजूला कंट्रोल रूम होतेय, तिथं तुमचं नाव मी स्वतः पाठवते." आनंदराव चोपन्न वर्षांचा. त्याची बायको रुख्मिणी म्हणाली होती, "एसीत बसाले भेटन जी तुमाले. सोडू नका."

एकशे एकोणऐंशी घरं झाली होती. तुळसाबाईचं त्यानं मुद्दाम शेवटी ठेवलं.

तुळसाबाई घरात लोकांचे कपडे इस्त्री करायची. नवरा गेल्यापासून पोट या कामावरच. मीटर घरगुती आणि काम धंद्याचं. ऑफिसला कळलं तर दर दुकानाचा लागला असता, आणि तो तिला झेपला नसता. म्हणून महिन्याच्या सात तारखेला, आनंदरावच्या दिवशी, ती इस्त्री करत नसे. करत नसे म्हणजे, तो गल्लीच्या तोंडाशी येऊन उगाच मोठ्यानं खोकेपर्यंत करत असे. मग इस्त्री पलंगाखाली जायची, गठ्ठे चादरीखाली जायचे. आनंदराव आत येऊन त्या चादरीच्या टेकडीकडं पाठ करायचा, आकडा टिपायचा आणि विचारायचा, "तब्येत कशी हाये, मावशी?" गरम सुताचा वास घरभर असायचा. बावीस वर्षांत या विषयावर दोघांत अवाक्षर झालं नव्हतं.

आजही पलंगावर चादर होतीच.

"हे जे नवीन मशीन हाये," तुळसाबाईनं विचारलं, "ते कोणत्या तारखेले वाचतेत गा?"

त्याला ठाऊक होतं. प्रशिक्षणात पडद्यावर दाखवलं होतं, कोणत्या घरात कोणत्या अर्ध्या तासाला किती वीज गेली त्याची रेघ. तुळसाबाईची रेघ रोज सकाळी नऊला उठणार आणि दुपारी एकला बसणार. या मशीनला तारीख नव्हती, आणि खोकल्याचंही काही पडलेलं नव्हतं.

"सारं जुन्यासारखंच, मावशी," तो म्हणाला. "काही फरक नाई पडत."

"तू येत राहशीन?"

"हाव ना. मी नाई तं कोण येईन?"

ती त्याच्याकडं जरा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "बलाव त्या दोघाइले. उन्हात काहून उभे करून ठेवले?" आणि तिनं कागदावर सही केली, सावकाश, एकेक अक्षर लावून. जुनं मीटर निघालं तिथं भिंतीचा एक चौकोन उरला, कुण्या जुन्या दिवाळीच्या निळ्या रंगाचा.

मिनलमॅडमनी शब्द पाळला. नाव खरंच पाठवलं. कंट्रोल रूमवाल्यांनी आनंदरावला बोलावलं, संगणकापुढं बसवलं, परीक्षा घेतली. चाळीस प्रश्न, सगळे इंग्रजीत, आणि मीटरबद्दल एकही नाही. मिनलमॅडमना मनापासून वाईट वाटलं. तसं त्यांनी मोबाइलवर कळवलं, हात जोडल्याचं चित्र टाकून. महिनाअखेरीस ठेकेदारानं ओळखपत्र परत मागून घेतलं.

रुख्मिणीला सांगायला त्याला चार दिवस लागले. तुळसाबाईच्या गल्लीत जायला अडीच महिने. तोवर तिला दुकानाच्या दराची नोटीस आल्याचं त्याला पानठेल्यावर कळलं होतं.

ती दाराबाहेर होती. नालीवरच्या फरशीवर टेबल टाकलेलं, आणि हातात कोळशाची इस्त्री, कुठून तरी मिळवलेली जुनी, अवजड. मनगटाला फडकं गुंडाळलेलं.

"ये गा. इकडून बस, तिकडे धूर येते."

तो बसला नाही. "मावशी, मले माहीत होतं. त्या मशीनीचं. मी खोटं बोललो तुह्यासंग."

तिनं शर्टाची कॉलर उलटी केली. "मले बी माहीत होतं."

"काय?"

"पलीकडच्या गल्लीत आपल्याआधीच नाई का बसले ते? रातदिवस पायते म्हणे ते डबडं. साऱ्या बायाइले माहीत हाये."

"मंग सही काहून केली?"

"तुह्या तोंडाकडं पायलं. कानापर्यंत लाल झाला होता तू. म्हटलं, याचं काही तरी अडलं हाये. बावीस वर्षं खोकू खोकू घसा फाडला यानं माह्यासाठी, एक सही तं देऊन देऊ." ती थोडी हसली. "मंग? लागली ना नोकरी?"

फडक्याच्या कडेला, कातडीवर, भाजल्याचा डाग दिसत होता. ताजा नव्हता, एकटाही नव्हता.

"लागली," आनंदराव म्हणाला.

"एसी हाये?"

"हाये. थंडी वाजते."

"स्वेटर नेत जाय मंग. चांगलं झालं बापा. कोणाचं तं झालं." तिनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता तिकडंच चालला का?"

"हाव. अकराची ड्यूटी हाये."

"असा चुरगळला शर्ट घालून? हापिसवाले काय म्हणतीन? काढ."

"राहू दे, मावशी."

"काढ म्हणते ना."

बनियनवर तो ओट्यावर बसून राहिला. तिनं शर्टावर पाणी शिंपडलं, दोन्ही हातांनी इस्त्री उचलली, पाठ केली, बाह्या केल्या, खिशाची शिवण दोनदा दाबली. तिची मान घामानं भिजली होती. पैसे द्यायला त्यानं खिशात हात घातला तसं तिनं डोळे वटारले.

शर्ट अंगाला गरम लागत होता. गल्लीच्या टोकाला बसथांबा. त्यानं वळून पाहिलं, तर तुळसाबाई इस्त्री खाली ठेवून, डोळ्यांवर हाताची सावली धरून उभी होती. त्याचं घर डावीकडं. कोराडीची बस आली. ती पाहत होती, म्हणून तो चढला.