चौदशीचं ताक

गडमुडशिंगीच्या अक्काताई पाटलांची लेक रुचिता हवाई दलात होती आणि आता लढाऊ विमान चालवायला निघाली होती. गावात ही गोष्ट रुचितापेक्षा अक्काताईंनीच जास्त मिरवली होती.

मध्ये फक्त एक चाचणी होती. बेंगळुरूला एका लांबलचक यंत्राच्या टोकाशी माणसाला बसवून गरगर फिरवतात. विमान जोरात वळलं की अंगाचं वजन कितीतरी पट होतं, रक्त पायांकडे उतरतं आणि मेंदू उपाशी राहतो. आधी रंग जातात, मग उजेड, मग शुद्ध. मांड्या, पोटऱ्या, पोट आवळून आणि तुटक श्वास घेत ते रक्त वर धरून ठेवायचं असतं. पहिल्या खेपेला रुचिताला ते जमलं नाही, यंत्रातच तिची मान कलली. आता आणखी एकच संधी होती. ती हुकली तर जन्मभर मालवाहू विमानं.

सुट्टीवर आलेली रुचिता रोज घरामागच्या परड्यात सराव करायची. खुर्चीत बसून पाय भिंतीला रेटायचे, पोट आवळायचं, लालबुंद तोंडानं कण्हल्यासारखा श्वास सोडायचा आणि लगेच नवा घ्यायचा. शेजारच्या झुंबरबाईंनी हा प्रकार कुंपणावरून नीट पाहिला आणि एरंडेलाची बाटली आणून दिली.

अक्काताईंची भिस्त सरावावर नव्हतीच. लढाऊ विमान मिळेपर्यंत दर चतुर्दशीला निर्जळी उपवास, असा नियम त्यांनी लेकीला चातुर्मासात मुनीमहाराजांसमोर घ्यायला लावला होता. बस्तीत, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरात, बायका त्याचं तोंड भरून कौतुक करायच्या आणि अक्काताई ते ऐकून घ्यायच्या.

"उद्या चौदस हाय," निघायच्या आदल्या दिवशी लेकीची बॅग भरताना त्या म्हणाल्या. "गाडीत पाणी पिऊ नगंस. गेल्या खेपी पाळलंस, तसंच पाळ."

"गेल्या खेपी पाळलं म्हणूनच पडली," दारातून आप्पासो म्हणाले.

रुचितानं वडिलांकडे रागानं पाहिलं. फोनवर त्यांनाच तेवढं सांगितलं होतं आणि आईला कळू द्यायचं नाही असं बजावलंही होतं.

"काय म्हणालासा?"

"चाचणी चौदशीलाच हुती. पोरीच्या अंगात पाण्याचा थेंब न्हवता. कोरडी मोटर चालू केली तर जळती, हे तुला म्हाईत हाय. पोरीला मात्र कोरडीच पाठीवलीस."

अक्काताई लेकीकडे वळल्या. "व्हय गं?"

"नियम मी घेतलाय, मम्मी. या टायमाला चाचणी पारण्याच्या दिवशी हाय. सकाळी पाणी पिऊन जाती की."

"डॉक्टर काय म्हणत्यात?"

"आदल्या दिवसापासनं भरपूर प्यायचं, नीट जेवायचं."

लेकीला आपणच पाडलं, हे अक्काताईंना फार लागलं. नियम सोडवून घ्यायचा तर महाराजांकडूनच, आणि महाराज तर पायी विहार करत केव्हाच कर्नाटकात गेले होते.

चौदशीला सकाळी त्यांनी ताट वाढलं. भाकरी, आमटी आणि मीठ घातलेलं तांब्याभर ताक.

"मम्मी, आज चौदस हाय."

"मला म्हाईत न्हाय व्हय? जेव."

"आणि नियम?"

"घ्यायला मी लावलाता, मोडायला बी मीच लावती. पाप लागंल ते माझ्या माथी. महाराज भेटले की मीच सांगीन त्यास्नी."

रुचिता बसेना. तेव्हा अक्काताईंनी ताकाचा पेला तिच्या हातात दिला आणि तो रिकामा होईपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

रुचिता पास झाली. फोन आल्यावर आप्पासोंनी गल्लीभर पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी बस्तीत बायकांनी अक्काताईंना घेरलं.

"उपवास फळाला आला बघा," सोनलची आई म्हणाली. "आमच्या सोनलची बी पोलीस भरती हाय. पळायच्या दिवसापातूर तिला बी असाच नियम द्यायचा म्हणती मी."

नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. अक्काताईंच्या ते मनातही आलं.

"देऊ नगा," त्या म्हणाल्या. "उपवासानंच रुचिता पडलीती. आता मी तिला चौदशीला जेवू घातलं, तवा पास झाली."

बायका एकेक करून बाजूला झाल्या. अक्काताईंनी देवापुढं तांदूळ वाहिले आणि नेहमीच्या जागी जाऊन बसल्या. त्या दिवशी त्यांच्या शेजारी येऊन बसली ती एकटी सोनलची आई.